फाँटराव

परभणीत कॉर्नर फार. ग्रँड कॉर्नर, अपना कॉर्नर, विसावा कॉर्नर. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना एखादा तरी कॉर्नर तोंडात आल्याशिवाय रिक्षा हलत नाही. अशा गावात एक माणूस कोपऱ्यांशी उभं वैर धरून जगतो आणि वर त्यावर धंदाही करतो. त्याचं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. दुकानाला रीतसर नाव आहे, ते बोर्डावरही आहे, पण ते कुणी घेत नाही. गिऱ्हाईक, समोरचा पानवाला, लाइटबिल टाकून जाणारा पोरगा, सगळे त्याला फाँटराव म्हणतात. वय पन्नाशीचं, पोट गोल, चष्मा गोल, आणि हिशेबही गोलच. 'बघून द्या' एवढाच.

फाँटराव हा काही एकटा नाही. महाराष्ट्रात कुठल्याही तालुक्याच्या गावी स्टँडच्या आसपास हिंडा. झेरॉक्स, पॅनकार्ड, लग्नपत्रिका आणि फ्लेक्स जिथं एकाच शटरखाली नांदतात, तिथं मॉनिटरकडं डोळे बारीक करून बघणारा एक इसम सापडतोच. तुम्ही त्याला मजकूर सांगत असता, तो तुमच्या शर्टाच्या खिशावर कंपनीचं नाव कसं भरलंय ते बघत असतो. परभणीचा नमुना तेवढा जरा जास्त पिकलेला. मे महिन्यात पारा ४४ च्या पुढं गेला की आमच्याकडं बऱ्याच गोष्टी जास्त पिकतात.

"कोपरा डोळ्याला लागतो, सर," हा त्याचा सिद्धांत. आमच्याकडं चष्मा लावून पेपर वाचणाऱ्या कुणालाही सर म्हणतात, तसा मी सर. सिद्धांत नुसता बोलण्यापुरता नाही. दुकानातल्या टेबलाचे चारही कोपरे त्यानं पॉलिश पेपरनं घासून टाकलेत. व्हिजिटिंग कार्डाचे कोपरे गोल करायचं एक छोटं यंत्र त्याच्याकडं आहे. गिऱ्हाईक नसलं की तो त्यात हाताला लागेल तो कागद घालतो. त्याच्या घरातलं रेशनकार्डसुद्धा त्यातून निघालंय, असं त्याची बायको सांगते. दिवाळीत त्यानं तिला विचारलं होतं, "शंकरपाळ्या गोल नाही का करता येणार?" ती माउली म्हणाली, "येतात की. त्याला पुरी म्हणतात."

मूळचा हा पेंटरच्या हाताखालचा पोऱ्या. ट्रॉलीवर 'आई-वडिलांचा आशीर्वाद', टॉकीजच्या बोर्डावर हिरोचं नाव, भिंतीवर बियाण्याची जाहिरात, असं रंगवत मोठा झाला. पुढं कॉम्प्युटर आले, पेंटर बसले, आणि हा कोरलड्रॉ शिकला. पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी, सीडॅकचं आयएसएम, त्यातले योगेश आणि सुरेख हे फाँट, ही त्याची बाराखडी. युनिकोडच्या आधीचा तो काळ. परभणीत 'शुभविवाह' टाइप करून नांदेडच्या छापखान्यात फाइल नेली की तिथं ती उघडून चिनी बोलायला लागायची. म्हणून सगळे एकच मंत्र म्हणत, "फाइल कर्व्ह करून आण." म्हणजे अक्षरांचं अक्षरपण काढून त्यांची नुसती चित्रं करून आण. माझं मत असं की फाँटरावचा स्वभाव तिथंच घडला. अक्षराचं चित्र झालं की त्याला अर्थ राहत नाही, नुसता आकार उरतो. कॉम्प्युटर पुढं सुधारले, फाँटराव मात्र त्या कर्व्हमध्येच राहिला. त्याच्या दुकानात कुणी मजकूर वाचत नाही. मजकूर बघतात.

बाटला तो भाच्यामुळं. भाचा पुण्यात मोबाइल ॲपचे पडदे आखायचं काम करतो; बटण कुठं, अक्षर केवढं, रंग कुठला. एका दिवाळीत त्यानं लॅपटॉप उघडून मामाला पॉपिन्स दाखवला. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीनं २०१४ साली काढलेला हा फाँट. त्याची रोमन अक्षरं जॉनी पिनहॉर्नची आणि देवनागरी निनाद काळे यांची. वर्तुळावर बेतलेली. रेघ सगळीकडं जवळपास एकाच जाडीची, ना कुठं बोरूचा तिरका काप, ना शेपटीला नखरा. आणि अगदी बारीक ते अगदी ठळक अशी नऊ वजनं. देवनागरीत या घराण्याचा इतक्या वजनांचा फाँट आधी नव्हता. मामानं 'ठ' मोठा करून पाहिला. मग आणखी मोठा केला. बहिणीनं जेवायला हाक मारली तेव्हा पडद्यावर 'ठ'च्या पोटाची नुसती एक कड उरली होती आणि मामा तिच्यावरून बोट फिरवत होता.

दुसऱ्या दिवशी भाच्यानं त्याला बलू दाखवला. मुंबईच्या 'एक टाइप' या फाउंड्रीचा, जाडजूड, कोपरे मऊ केलेला; नाव जंगल बुकातल्या अस्वलाचं. त्याची भावंडं इतर लिप्यांमध्ये आहेत आणि त्यांची नावं ऐकून फाँटरावला गहिवरून आलं. गुजराती बलू भाई, बंगाली दा, पंजाबी पाजी, तमिळ थंबी, मल्याळी चेट्टन, उर्दू भाईजान. सगळ्या देशाला भाऊ मिळाले आणि देवनागरीवाला नुसताच बलू राहिला, ही गोष्ट त्याच्या मनाला लागली. त्यानं आपल्यापुरता त्याचा बाळू केला. तेव्हापासून दुकानात "बाळूत टाक", "बाळूला बारीक कर", "बाळू दाबून बसव" अशी वाक्यं ऐकू येतात. पानवाल्याचंही नाव बाळू आहे. पहिले काही दिवस तो दर हाकेला चुना हातात तसाच घेऊन यायचा.

आता जर्मनीचं सांगायला हवं. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आमच्याकडं लहान मुलालाही येते. तिचं मूळ कशात, यावर ओट्याओट्यावर वेगळं मत आहे आणि प्रत्येक मतापायी एकेक मैत्री तुटलेली आहे. फाँटरावनं मात्र वाद मिटवून टाकला. भाच्याकडून त्याला कळलं, की कंपास-पट्टीच्या अक्षरांची ही सगळी फॅशन जर्मनीतून निघाली. १९२५ साली हर्बर्ट बायरनं तिथल्या बाउहाउस या कलाशाळेत वर्तुळांच्या तुकड्यांवर एक वर्णमाला बेतली. १९२७ साली पॉल रेनरचा फ्युचुरा फ्रँकफर्टच्या बाउअर फाउंड्रीनं बाजारात आणला. १९६९ साली अपोलो ११ नं चंद्रावर जी पाटी ठेवली, तिची अक्षरं याच फ्युचुराची. आणि १९७९ साली फोक्सवागेन कंपनीसाठी व्हॅग राउंडेड झाला. त्याची तर टोकंसुद्धा गोल. ॲपलच्या कीबोर्डावर कित्येक वर्षं तोच होता. भाच्याच्या जुन्या मॅकबुकवर फाँटरावनं स्वतः हात फिरवून पाहिला.

"बघा सर," तो म्हणाला, "जगात जर्मनी, झालं का सिद्ध? आता ऱ्हायलं भारतात परभणी."

"ते कसं सिद्ध करणार?"

"करायलोच की," आणि त्यानं माऊस माझ्याकडं वळवला.

करायलाच होता. स्वतःचा फाँट. पॉपिन्सचं वर्तुळ आणि बाळूची मऊ टोकं, दोन्ही एका जागी पाहिजेत, असा हट्ट. सुरुवात अर्थातच 'परभणी' या शब्दापासून केली, आणि पहिल्याच दिवशी त्याला कळलं की परभणीत गोल असं काही नाही. 'प'ला अर्धी वाटी, 'र'ला वळण आणि पाय, 'भ'ला एवढीशी गाठ, 'ण'ला पुन्हा वाटी. सबंध वर्तुळ एकसुद्धा नाही. गडी आठवडाभर उदास होता. मग त्यानं जिल्ह्याचे नऊही तालुके कागदावर मांडून गोलाईची परीक्षा घेतली. मी ती गुणपत्रिका पाहिली आहे. पहिला सोनपेठ, कारण 'ठ'. दुसरा मानवत, 'व'च्या पोटामुळं. पालम आणि सेलू 'ल'च्या जोरावर पास. गंगाखेडला अनुस्वाराचे वाढीव गुण. जिंतूरला अनुस्वार असूनही 'पहिल्या वेलांटीनं घोटाळा' असा शेरा. पूर्णा रफारावर तरली. पाथरी काठावर. परभणी नापास. जिल्ह्याचं ठिकाण सोनपेठला हलवावं असं तो काही दिवस गंभीरपणे बोलत होता. समोर बसलेला गंगाखेडचा माणूस संत जनाबाईचा दाखला काढायला लागला तेव्हा तो विषय थांबला.

१ मे १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला, याचं आमच्याकडं कुणाला काय वाटतं, कुणाला काय. फाँटरावला एकच वाटतं. "सर, हिंगोलीबरोबर 'ह' गेला. कळमनुरीचा 'ळ' गेला. औंढ्याचा 'ढ' गेला. वळणाची समदी अक्षरं तिकडं, आन् आपल्याकडं काय, तर थ." मी घरी येऊन नऊ तालुक्यांची नावं पुन्हा तपासली. खरंच, त्यात ना ह, ना ळ, ना ढ. या अंगानं जिल्ह्याच्या विभाजनाचा विचार विधिमंडळात झाला नसावा.

'सेलू'चा 'ल' तो कसा काढतो, यावर वेगळं प्रकरण लिहिता येईल. मराठी 'ल'ला दोन वाट्या असतात, हिंदी वळणाचा 'ल' दांड्याला लोंबतो. मराठी 'श'चंही तेच. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची वळणं ठरवून दिली; तो निर्णय फाँटरावनं छापून काचेखाली ठेवलाय आणि तारीख त्याला तोंडपाठ आहे. स्वतःच्या लग्नाची तारीख त्याला बायको सांगते. कित्येक फाँटांत दोन्ही 'ल' घातलेले असतात, पण मजकूर मराठी आहे हे कॉम्प्युटरला सांगावं लागतं, नाही तर तो आपला हिंदीच 'ल' वाढतो. हे ज्ञान फाँटराव कुणालाही देतो, न मागता. आधार अपडेट करायला आलेल्या एका आजीबाईंना त्यानं पाऊण तास दिलं. त्यांचं नाव लक्ष्मीबाई होतं, तेवढं एक निमित्त.

त्याचा फाँट अडला तो शिरोरेषेवर. इथं मात्र गंमत बाजूला ठेवून सांगतो, की गडी ज्या अडचणीत सापडला ती खरी अडचण आहे. रोमन अक्षरं सुटी उभी राहतात. टोकं गोल केली, काम झालं. देवनागरीत प्रत्येक अक्षर आपल्या डोक्यावर शिरोरेषेचा आपापला तुकडा घेऊन येतं आणि शेजाऱ्याच्या तुकड्याला चिकटतं. आता तुकड्यांची टोकं गोल केली, तर सांध्यासांध्याला खाच पडते आणि सरळ रेषेची मण्यांची माळ होते. टोकं सपाट ठेवली, तर शब्दाच्या दोन्ही कडांना कोपरे येतात. आणि कोपरा आला की फाँटराव संपला. शब्दाच्या टोकाला गोल आणि मध्ये सपाट, असं करायचं तर फाँटाला आधी शब्द कुठं सुरू होतो नि कुठं संपतो ते ओळखायला शिकवावं लागतं. ते भाच्यानं शिकवलं. मग दुसरं लचांड. कंपासनं काढलेलं नेमकं वर्तुळ डोळ्याला आडवं फुगलेलं दिसतं. आडवी रेघ उभ्या रेघेइतकीच जाड केली तर जास्त जाड भासते. गोल अक्षर ओळीच्या जरा खाली उतरवलं नाही तर शेजाऱ्यापेक्षा छोटं वाटतं. म्हणजे गोल दिसण्यासाठी गोल मोडावा लागतो. फ्युचुराच्या रेघांतही अशा बारीक दुरुस्त्या आहेतच. हे ऐकून फाँटरावनं भाच्याला फोनवर विचारलं, "म्हंजे जर्मनीवाल्यानंपण डोळ्यात धूळच फेकली का?"

"डोळ्यासाठी फेकली, मामा."

"मंग चालतंय."

दुकानात एक वृद्ध जुळारी येऊन बसतात. आयुष्य छापखान्यात खिळे जुळवण्यात गेलेलं, बोटांची पेरं अजून काळपट. मुंबईच्या निर्णयसागरच्या टाइपाचं नाव निघालं की कान पकडतात. जावजी दादाजींचा छापखाना, १८६९ सालचा. तिथली संस्कृत पुस्तकं काशीपासून परदेशापर्यंत जायची. फाँटराव एकदा त्यांना कोपऱ्यांचे तोटे समजावत होता. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "खिळा कधी हातात धरलास?"

"न्हाई."

"चौकोनी असतो. चारी बाजूंनी. गोल असता तर फर्म्यात उभा राहिला नसता, गडगडत शेजारच्या गल्लीत गेला असता. तुझं सगळं गोल आमच्या चौकोनावर उभं आहे, बाबा." फाँटराव त्या दिवशी चहा सांगायला स्वतः उठला. इतका गप्प मी त्याला नंतर कधी पाहिला नाही.

भिंतीवर कमल शेडगे यांच्या नाटकांच्या जाहिरातींची कात्रणं लावलेली आहेत. शेडग्यांना तो देव मानतो, पण अडचण अशी की शेडग्यांची अक्षरं नाटकाच्या स्वभावाप्रमाणं फिरत. रहस्यनाटक असलं की तडे जात, टोकं निघत. अशा कात्रणांवर फाँटरावनं कॅलेंडर टांगलंय. र. कृ. जोशींबद्दलही आदर आहे. त्यांचा मंगल हा फाँट विंडोजबरोबर घरोघर पोचला; सातबाऱ्यापासून शाळेच्या सूचनेपर्यंत कित्येक वर्षं मराठी माणसानं कॉम्प्युटरवर मंगलच वाचला. "मोठा माणूस," फाँटराव म्हणतो आणि पुढं हळूच, "टोकं जरा..."

या सगळ्यात गिऱ्हाईकांचं काय होतं, हा प्रश्न रास्त आहे.

एका लग्नपत्रिकेची हकीकत सांगतो. फाँटरावनं ती चार रात्री बसून केली. कार्डाचे कोपरे गोल, गणपती गोल, आणि खास म्हणजे पूर्णविराम आणि अनुस्वार. कित्येक फाँटांत हे टिंब चौकोनी असतं, लहान आकारात कुणाच्या लक्षात येत नाही. फाँटरावनं सबंध पत्रिकेतलं एकेक टिंब बदलून गोल केलं. छापून गठ्ठे घरी गेले. दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील गठ्ठा घेऊन दुकानात उभे. 'चि.' मुलीच्या नावामागं लागलं होतं आणि 'चि. सौ. कां.' नवरदेवाच्या. फाँटरावनं कार्ड हातात घेतलं, उजेडाकडं धरलं आणि समाधानानं म्हणाला, "टिंबं बघा की पण." वडील म्हणाले, "टिंबं बघतो हो. पण जावई सौभाग्यकांक्षिणी झाला त्याचं काय करू? व्याही उद्या यायलेत!" फाँटरावनं पदरमोड करून सगळ्या पत्रिका पुन्हा छापल्या. पदरमोडीचं दुःख नव्हतं. दुःख याचं, की दुसऱ्या खेपेला घाई होती आणि काही टिंबं चौकोनी राहिली.

उमेदवारांचं आणि त्याचं पटत नाही. फ्लेक्सवर त्यांना अक्षर म्हणजे तलवार हवी असते. सोनेरी, पाठीमागं सावली, कडेला वीज चमकलेली. एका इच्छुकाला यानं सगळं नाव बाळूत बसवून दिलं. त्यानं लांबून बघितलं, जवळून बघितलं. "फाँटराव, हे अक्षर बघून विरोधकाची पाचावर धारण बसली पाहिजे. हे बघून तर तो माझा गालगुच्चा घ्यायला येईल."

"मतदार येईल की."

"मतदार गालगुच्चा घेऊन दुसऱ्याला मत देतो, हे माहीताय का तुम्हाला?" शेवटी फ्लेक्स तोच लागला, कारण उशीर झाला होता. उमेदवार पडला. फाँटरावचं विश्लेषण एका ओळीचं आहे: "पडला, पण कुठं लागलं न्हाई त्याला."

भावपूर्ण श्रद्धांजलीचा प्रसंग त्याहून अवघड. नव्वदीतले एक आजोबा गेले. मुलं दशक्रियेच्या फ्लेक्ससाठी आली. घाईत फाइल न बघताच गेली. सकाळी चौकात बघतात तो 'भावपूर्ण श्रद्धांजली' ही अक्षरं गुबगुबीत, गालफडं फुगवलेली, आनंदात. थोरला मुलगा तणतणत आला. "आमचा बाप गेलाय, फाँटराव. आइस्क्रीमचं दुकान न्हाई काढलं आम्ही!" फाँटराव खजील झाला आणि उतरवून देतो म्हणाला. पण तो फ्लेक्स उतरला नाही. आजोबांचे दोस्त, सगळे ऐंशीच्या पुढचे, मोतीबिंदूवाले, रस्त्याच्या पलीकडं पानटपरीवर बसून नाव, तारीख, ठिकाण सगळं वाचत होते. एरवी अशा फ्लेक्सवर त्यांना फक्त फोटो कळायचा. गर्दी चांगली झाली. ही एक गोष्ट फाँटरावच्या बाजूनं नोंदवलीच पाहिजे. त्याचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. अक्षराच्या पोटातली जागा मोकळी असली, रेघ मध्येच बारीक होऊन हरवत नसली, तर लहान पडद्यावर किंवा लांबून, आणि म्हाताऱ्या डोळ्यांना, अक्षर सापडतं. म्हणून तर फोनमधली बरीच ॲपं आज या वळणाची झाली. अर्थात सगळी त्याच वळणाची झाल्यावर बँक कुठली आणि भाजीवाला कुठला ते कळेनासं होतं, हे फाँटरावला सांगून उपयोग नाही. त्याला तेच तर हवंय.

पण मजकूर त्याला दिसत नाही तो नाहीच. पावसाळ्यात जिंतूरकडचे एक शेतकरी दुकानात आले, हातात फोन. "भाऊ, हवामानाचं काय आलंय बघा बरं ह्याच्यात. चष्मा घरी ऱ्हायला."

फाँटरावनं फोन घेतला, दोन बोटांनी अक्षर मोठं केलं आणि चेहरा खुलला. "काका, आधी हे आसं नव्हतं. बदललाय त्यांनी. टोकं बघा."

"पाऊस हाये का?"

"शिरोरेषा जरा जाड घेतली. पण चालतंय, उन्हात दिसती."

"आरं पण पाऊस?"

"आन् हे बटण बघा, कसं कोपरे मारून..."

मी फोन घेऊन वाचलं. पुढचे दोन दिवस पावसाची शक्यता, सोयाबीनवर फवारणी करू नये. काकांच्या पिशवीत नुकती घेतलेली औषधाची बाटली होती. त्यांनी एकदा बाटलीकडं पाहिलं, एकदा फाँटरावकडं, आणि मला म्हणाले, "सर, ह्यांना दिसतंय का नीट?"

मध्यंतरी भाच्याच्या कंपनीनं त्याला कामासाठी जर्मनीला पाठवलं. फाँटरावनं मोहल्ल्यात पेढे वाटले. आपल्या माणसानं माहेरी जावं तसा आनंद. भाच्याला बजावलं होतं, बाकी काही आणू नको, पाट्यांचे फोटो पाठव. फोटो आले. त्या दुपारी मी दुकानात होतो. कूलर घरघरत होता, फाँटराव एकेक फोटो मोठा करून बघत होता आणि हळूहळू त्याचा चेहरा उतरत होता. जर्मनीतल्या रस्त्यांवरच्या पाट्या डीआयएन १४५१ या प्रमाणाच्या अक्षरांत असतात, १९३० च्या दशकात तिथल्या मानक संस्थेनं ठरवलेल्या. साधी, सोपी, इंजिनियरी अक्षरं. आणि एकूणएक टोक सपाट कापलेलं.

"कोपरे," फाँटराव पुटपुटला. "आख्ख्या जर्मनीत कोपरे!"

मी काही बोललो नाही. जुळारी आजोबा मिशीतल्या मिशीत हसले. दुकानातल्या पोऱ्यानं विचारलं, "मग आता भारतात परभणीचं काय करायचं?" फाँटरावनं त्याला चहा आणायला पिटाळलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग फोन तोंडाजवळ धरून भाच्याला आवाजी निरोप रेकॉर्ड केला:

"फोटो पाह्यले. तिथं रस्त्याचं खातं कुणाकडं आसंल त्याला भेट. म्हणावं, घाबरू नका, आमच्याकडं होऊन जाईल. फाइल तेवढी कर्व्ह करून पाठवा. आन् स्क्वेअर फुटाचा रेट आधीच सांगून ठेव, नंतर कटकट नको."